नव्या घरातील गरम पाण्याविषयी

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलेत की एवढे ऊन फुकट मिळत असताना पाणी तापवायला विजेवरचा हीट पंप कशाला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही आणि पुढच्या आठवड्यात प्लंबर कळंब्याच्या घराच्या भिंती कापायला घेणार आहे, म्हणून हे पत्र.

घर उबदार ठेवण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही. डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठा घोंगडीने भागतो. इंधन खर्च होते ते अंघोळीच्या पाण्यावर. घरातील सर्वांचे मिळून दिवसाला 200 लिटर पाणी धरले आणि ते 25 अंशांनी तापवायचे म्हटले, तर साध्या गीझरला जवळजवळ 6 युनिट वीज लागते. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे नुसत्या अंघोळींचा रोजचा हिशेब चार किलोंवर जातो. गॅस गीझर मी विचारातच घेतला नाही. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचला तर त्याला वासही नसतो.

सोलरबद्दल माझे मत वाईट नाही. ऑक्टोबर ते मे त्याच्याइतके स्वस्त पाणी दुसरे कशानेही तापत नाही. पण सध्याच्या भाड्याच्या घरात सोलरच आहे आणि गेल्या जुलैत त्याची परीक्षा झाली. गगनबावड्याकडून ढग चढले की कित्येक दिवस ऊन पडत नाही, टाकीतले पाणी जेमतेम कोमट होते आणि शेवटी आतले कॉइल लावावे लागते. कॉइल लावले की तो गीझरच झाला. आईच्या गुडघ्यांना कढत पाण्याची सर्वांत जास्त गरज ज्या महिन्यांत असते, त्याच महिन्यांत सोलर रजेवर जातो, हे मला पटत नाही.

हीट पंप हा एका अर्थी उलटा फ्रिज आहे. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तर हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. वीज फक्त ती वाहून नेण्यापुरती लागते, त्यामुळे जे काम गीझर 6 युनिटांत करतो ते याला साधारण 2 युनिटांत जमते. युरोपातल्या बर्फात त्याची दमछाक होते. आपल्या पावसाळ्यातली वीस-बावीस अंशांची दमट हवा त्याला चांगलीच मानवते. तो सोलरपेक्षा महाग आहे, पंख्याचा आवाज होतो आणि बोअरच्या पाण्यातील क्षाराचा त्रास त्यालाही चुकत नाही, हे कबूल. म्हणून त्याला नळाचे पाणी जोडून तो झोपण्याच्या खोल्यांपासून दूर, मागच्या बोळात बसवणार आहे.

तुमचे फुकटचे ऊनही वाया जाणार नाही. गच्चीच्या दक्षिण बाजूला 3 किलोवॅटचे वीज तयार करणारे पॅनेल बसतील. त्यांना 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळते. उन्हाळ्यात जास्त झालेले युनिट महावितरणकडे आपल्या खात्यावर जमा राहून पावसाळ्यात वळते होतात, म्हणजे मे महिन्याच्या उन्हावर जुलैचे पाणी तापेल. पाण्याच्या टाकीत ऊन असे साठवता येत नाही. आईच्या सांडग्यांसाठी गच्चीची उत्तर बाजू मोकळी ठेवायला सांगितले आहे.

तुमचे न्हाणीघर मात्र मी नकाशात बदलून टाकीच्या भिंतीला लागून घेतले आहे. पाऊण इंची पाइप पंधरा मीटर फिरवला तर त्यातच सुमारे चार लिटर पाणी राहते आणि प्रत्येक वेळी तेवढे गार पाणी आधी सोडून द्यावे लागते. खोलीचे दार त्यामुळे पूर्वेऐवजी उत्तरेला येईल. ते चालत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवावे.

तांब्याचा बंब मोडीत देऊ नये. 2019 च्या महापुरात वीज गेली तेव्हा शहरात भल्याभल्यांची पंचाईत झाली होती, तेव्हा परसात त्याच्यासाठी एक कट्टा बांधून घेत आहे. शेणी आणि चिपाडे इकडे मिळतील, पण बंबाची तोटी गळते, ती तेवढी गारगोटीलाच झाळून आणावी.

तुमची लेक