पियानो नादुरुस्त नव्हता, साहेब

दि. 20 मे 2025

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

विषय : नाट्यगृहातील पियानोवर मारलेला खोटा शेरा रद्द करण्याबाबत.
संदर्भ : आपला तोंडी शब्द, मार्च महिना, सत्कार समारंभ.

आपल्या खात्याचं नाव वर घातलेलं नाही, ते विसरून नव्हे. आमचा अर्ज तीन खात्यांतून फिरून आला आणि तिन्हीकडे "हा विषय आमच्या कार्यकक्षेत येत नाही" असं ठरलं. तेव्हा ज्यांच्या कार्यकक्षेत येत असेल त्यांनी हे पत्र आपलं समजावं.

मी पेटी दुरुस्त करणारा माणूस. वडिलांचाच धंदा. तरुणपणी मुंबईला एका गोवेकर उस्तादाकडे चार वर्षं राहून पियानो लावायला शिकलो, त्यामुळे आसपासच्या तीन जिल्ह्यांत कुठे पियानो असला तर मला बोलावतात. असे पियानो बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक आमच्या नगरपालिकेच्या नाट्यगृहात आहे. जुना जर्मन, छोटा ग्रँड. एका डॉक्टरीणबाईंनी गाव सोडताना तो गावाला दिला. गावाने त्याचं टेबल केलं. झाकणावर चहाच्या कपांचे पांढरे गोल अजून दिसतात, मी मोजले, एकतीस आहेत. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडते, एवढीच त्याची सेवा.

मार्चमध्ये आपण त्या नाट्यगृहात आला होता. भाषणात म्हणालात, "संगीताला सीमा नसते." खाली उतरल्यावर आम्ही दोघे-तिघे भेटलो. आमच्या गावची एक मुलगी बर्लिनला पियानो शिकते, तिची मैत्रीण मे महिन्यात भारतात येणार आहे, आपल्याकडे वाजवायला तयार आहे, मानधन नको म्हणते, फक्त हॉल आणि पियानो हवा, असं सांगितलं. ही मैत्रीण तुर्कस्तानातल्या इस्तंबूलची आहे हेही सांगितलं, लपवलं नाही. आपण माझ्या खांद्यावर थोपटलंत आणि म्हणालात, "हॉलचं माझ्यावर सोडा, पियानोचं तुम्ही बघा."

मी पियानोचं बघितलं, साहेब.

नऊ दिवस बघितलं. झाकण उघडलं तर हातोड्यांच्या फेल्टला कसर लागलेली, आत उंदराने लग्नाच्या अक्षतांचं कोठार केलेलं. सूर पाऊण पट्टी उतरलेला. असा पियानो एका दमात चढवता येत नाही. आत दोनशेच्या वर तारा असतात, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, घाई केली की तार तुटून डोळ्यावर येते. म्हणून पहिल्या फेरीत थोडं चढवायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, परत चढवायचं. वरच्या प्रत्येक सुराला तीन तारा. दोघींच्या मध्ये कापड खुपसून त्यांना गप्प करायचं, एकीला सुरात आणायचं, मग दुसरी तिच्याशी जुळवायची. केसाएवढा फरक असला तरी आवाजात डोल येतो, वं-वं-वं असा. खुंटी फिरवत जायचं आणि तो डोल मंद होत होत थांबला की हात काढायचा. हे करताना पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिलमध्ये! माझा खर्च 18,400 रुपये झाला. बिलं आहेत, एक सोडून.

शेवटच्या दिवशी आत झिरोचा बल्ब लावून ठेवला. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. बल्बची ऊब आत राहिली की पियानो टिकतो. गोवेकर उस्तादाची शिकवण.

मग पाकिस्तानशी झालेल्या संघर्षाचे ते दिवस आले. मी देशद्रोही नाही हे सांगायची वेळ यावी हीच शरम आहे, तरी सांगतो. माझा सख्खा पुतण्या फौजेत आहे. 7 मे ते 10 मे त्याची आई फोन उशाशी घेऊन बसून होती, झोपली नाही. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली याचा राग मलाही आला. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं बंद केली, मी म्हटलं बरं केलं. सफरचंद कुठलंही खाता येतं. पण सफरचंद आणि सव्वीस वर्षांची मुलगी यांतला फरक आपल्या कचेरीला कळू नये?

कार्यक्रम 18 मेचा. 15 तारखेला संध्याकाळी शिपाई पत्र घेऊन आला. त्यात तुर्कस्तान नाही, तणाव नाही, सुरक्षा नाही. एकच ओळ : "सदर वाद्य नादुरुस्त असल्याने कार्यक्रमास परवानगी देता येत नाही."

नादुरुस्त!

"वातावरण तापलंय, आम्हाला भीती वाटते" असं लिहिलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. भीती समजू शकतो. पण आपल्या भित्रेपणाचं खापर माझ्या कामावर फोडायचं? चाळीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या वाद्याला कुणी नाव ठेवलेलं नाही. वाद्य कुणी तपासलं? कोणत्या तज्ज्ञाने? पत्रावर ज्यांची सही आहे त्यांनी आजवर पियानोचं झाकण उघडल्याचं मला माहीत नाही. झाकणावर कप ठेवताना मात्र पाहिलंय.

आणि यापुढचं जे झालं ते लिहायला मला लाज वाटते. ती मुलगी तेव्हा मुंबईत, दादरला मैत्रिणीच्या मावशीकडे उतरली होती. तिला खरं कारण कसं सांगू? पाहुणीला "तू अमक्या देशाची म्हणून" असं तोंडावर कसं म्हणू? मीच फोनवर माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की पियानो बिघडलाय. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, किती पट्ट्या वाजत नाहीत ते सांगा, मी त्या टाळून वाजवीन.

यावर मी काय बोलणार? फोन बायकोकडे दिला.

आता आपल्याला वाटेल, हा पेटीवाला एका कार्यक्रमावरून एवढा का तापलाय. तर थोडं ऐका. आजच्याच तारखेला, 20 मे 1958 रोजी, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका पियानोवाल्याची मिरवणूक निघाली होती. व्हॅन क्लायबर्न, टेक्सासमध्ये वाढलेला, वय 23. उंच इमारतींतून कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पडत होता. असा मान तिथे सेनापतींना आणि विमानवीरांना मिळायचा. याने काय केलं होतं? मॉस्कोला जाऊन पियानो वाजवला होता.

काळ कसला, तर ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाने स्पुतनिक सोडून अमेरिकेची झोप उडवलेली. दोघांकडे अणुबाँब. आपल्या कलेचंही वर्चस्व दिसावं म्हणून रशियाने आपल्या थोर संगीतकाराच्या, चायकोव्हस्कीच्या नावाने पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. बक्षीस घरीच राहणार असं सगळे धरून चालले होते. आणि हा लांबलचक बोटांचा पोरगा तिथे त्यांच्याच चायकोव्हस्कीचा आणि रॅखमॅनिनॉव्हचा कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबतची मोठी रचना, वाजवून गेला. लोक उठून उभे राहिले ते कित्येक मिनिटं बसेचनात. त्यात गंमत अशी की त्याचं शिक्षण एका अर्थी रशियन घराण्याचंच. न्यूयॉर्कला त्याच्या गुरू रोझिना लेव्हिन, त्या मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेत शिकून सुवर्णपदक घेतलेल्या. म्हणजे रशियाची विद्या अमेरिकेत गेली आणि टेक्सासच्या पोराच्या हातून परत घरी आली. आपल्याकडे घराण्यांचं असंच चालतं, यात नवल नाही.

पण शत्रूच्या पोराला पहिलं बक्षीस द्यायचं कसं? परीक्षकांचे प्रमुख एमिल गिलेल्स, स्वतः मोठे पियानोवादक. गोष्ट वर गेली, सांस्कृतिक मंत्र्यांपर्यंत, तिथून थेट रशियाचा सर्वेसर्वा ख्रुश्चेव्हपर्यंत. असं सांगतात की ख्रुश्चेव्हने एवढंच विचारलं, तो सगळ्यांत चांगला आहे का? हो म्हटल्यावर म्हणाला, मग द्या.

साहेब, ख्रुश्चेव्ह! हंगेरीत रणगाडे घातलेला माणूस. त्याला जे दोन वाक्यांत जमलं ते लोकशाहीत निवडून आलेल्या आपल्याला जमू नये? तिथेही मंत्र्याला भीती वाटली, मान्य. पण त्याने "पियानो नादुरुस्त" असा शेरा मारला नाही. वर जाऊन विचारलं. आपण कुणाला विचारलंत? मला तर विचारलं नाहीत.

मी भाबडा नाही. एका पियानोने बाँब वितळत नाहीत. 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिलीच, 1962 मध्ये क्यूबावरून जग जळता जळता वाचलं. पण 1987 च्या डिसेंबरात रशियाचे नेते गोर्बाचेव्ह वॉशिंग्टनला अण्वस्त्रकरार करायला आले तेव्हा व्हाइट हाउसमध्ये वाजवायला कुणाला बोलावलं? त्याच क्लायबर्नला. त्याने रशियनांच्या ओठांवरचं, मॉस्कोजवळच्या संध्याकाळीचं गाणं धरलं आणि पाहुणे सोबत गाऊ लागले. एकोणतीस वर्षं ते पोस्टात पडलेलं पत्र होतं म्हणा, शेवटी पोचलं.

तेही जुनं झालं म्हणाल, तर 2022 घ्या. रशियाने युक्रेनवर फौजा घातल्या. डब्लिनच्या स्पर्धेने रशियन मुलांना दार बंद केलं. मालोफेयेव्ह नावाच्या विशीतल्या रशियन पियानोवादक पोराचे कॅनडातले कार्यक्रम रद्द झाले. बघा, तिकडेही आपले भाऊबंद आहेत. पण टेक्सासात फोर्ट वर्थला क्लायबर्नच्याच नावाची स्पर्धा असते, तिने रशियनांना येऊ दिलं. जूनमध्ये निकाल लागला : पहिला अठरा वर्षांचा कोरियन मुलगा, दुसरी रशियन बाई, तिसरा युक्रेनचा. तिघे एकाच मंचावर उभे राहिले. कुणाच्या देशभक्तीला कसर लागली नाही.

आमची पाहुणी जे वाजवणार होती त्यात मोत्झार्टचा तो प्रसिद्ध तुर्की ढंगाचा रोंडो, म्हणजे मुखडा फिरून फिरून येणारी रचना, होता. तुर्कांनी 1683 मध्ये व्हिएन्नाला वेढा घातला होता. शंभरेक वर्षांनी त्याच व्हिएन्नाला तुर्की फौजेच्या बँडचं इतकं वेड लागलं की मोत्झार्टने पियानोवर तो ठेका आणला. पुढे तर पियानोलाच पायाशी एक जादा पेडल बसवायचे, दाबलं की आतून घंट्या आणि ढोल वाजायचे! असला एक पियानो आयुष्यात एकदा उघडून बघायची माझी इच्छा आहे. वेढा घालणाऱ्याचा ढोल व्हिएन्नाने दिवाणखान्यात आणला. आणि आपण? आपल्याकडच्या वरातीत वाजणारा बँड तरी कुणाच्या फौजेतून आला?

पेटीचंच बघा. ती परदेशी, तिच्यात मींड म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं निघत नाही, श्रुती म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं बसत नाहीत, म्हणून 1940 मध्ये सरकारी रेडिओने तिला बंदी घातली. तीसेक वर्षं ती रेडिओवर निषिद्ध होती. त्याच काळात गावोगाव नाटकं पेटीवर चालली, भजनं पेटीवर झाली, आणि माझ्या वडिलांनी त्याच पेट्या दुरुस्त करून आम्हा पाच भावंडांना वाढवलं. श्रुतीचं म्हणणं खोटं नव्हतं, मी कारागीर आहे, मला कळतं. पण वाद्य देशी की परदेशी हे फाइलीवर ठरवायची खोड तेव्हापासूनची आहे.

आता ओघात आलंय तर बोलून टाकतो. नाट्यगृहाच्या पहारेकऱ्याची वही मी चाळली. गेल्या वर्षी 180 च्या आसपास कार्यक्रम, त्यातले 120 तरी सत्कार. चार-दोन इकडेतिकडे असतील, अक्षर लागत नव्हतं. गाण्याचे अकरा. नाटकं सात, आणि त्यांतल्या दोघांत बायकांच्या मेकअपच्या खोलीत पाणी नव्हतं. 18 तारखेला, आमचा हॉल रिकामा झाला तेव्हा, तिथे काय झालं? सत्कार. शाल, श्रीफळ, डीजे. त्या डीजेला परवानगी कुणी दिली, तो कोणत्या देशात बनलेल्या भोंग्यांवर वाजत होता, याची चौकशी कुणी केली नाही. संस्कृतीसाठी पैसा नाही म्हणता, आणि चौकाचौकांत आपल्या वाढदिवसाचे फलक पियानोपेक्षा मोठे! एका फलकाच्या खर्चात दोन हातोड्यांचे संच आले असते. हिशेब माझा कच्चा आहे, पण आपला कुठे पक्का आहे?

नुकसानभरपाई मागत नाही. 18,400 रुपये माझ्या वेडाचे. ती मुलगी काल रात्रीच्या विमानाने परत गेली. जाताना मैत्रिणीकडून निरोप ठेवला की पियानो दुरुस्त झाला की कळवा. मी काय कळवू ते आपणच सांगा.

मागणी दोनच. एक, तो शेरा मागे घ्यावा. हवं तर लिहा, "अपरिहार्य कारणास्तव." हा शब्द आपल्याकडे मुबलक आहे.

दुसरी तातडीची. आज सकाळी मी नाट्यगृहात गेलो तर झिरोचा बल्ब काढून नेलेला. पहारेकरी म्हणाला, वाद्य नादुरुस्त आहे तर त्याला वीज कशाला, असं साहेबांनी सांगितलं. कालपासून वळीव झोडपतोय, हॉलच्या भिंतीला ओल आलीये. मी घरून बल्ब आणलाय, विजेचे पैसेही मी भरीन. आत जाऊ देण्याचा हुकूम तेवढा आठवडाभरात काढावा. त्यानंतर काढलात तर पट्ट्या फुगलेल्या असतील, आणि मग आपलं पत्र खरं ठरेल.

आपला,
एक पेटीवाला