गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांना, पट्टी आणि आरशाबद्दल

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या वर्गातली मुलं हल्ली गिटार घ्यायला जाताना खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि कोऱ्या कागदाची दोन पानं घेऊन जातात. दुकानदार वैतागतात, पण पालकांचे पैसे वाचतात. हे सगळं तुमच्याकडून आलेलं, म्हणून हे आभार जाहीर.

पहिला धडा साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या गोल भोकाच्या, कडेचा. पुढच्या फळीवरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर लाकूड अखंड. पापुद्रे दिसले तर प्लाय. बेताच्या बजेटला पुढची फळी अखंड स्प्रूस लाकडाची आणि मागची-बाजूची प्लायची, हा सौदा तुम्ही सुचवता आणि तो पटतो. आवाजाचा मोठा वाटा पुढच्या फळीचा असतो. मागच्या लाकडाबद्दल 2018 साली इंग्लंडमध्ये चाचणी झाली होती. सहा गिटारी एकसारख्या, फक्त मागचं आणि बाजूचं लाकूड वेगळं. 52 वादकांनी त्या न बघता वाजवल्या आणि सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. त्यात महागडं ब्राझिलियन रोझवुडही होतं आणि साधं सपेलेही.

म्हणूनच ‘शिसवी नाही म्हणजे गिटार हलक्या प्रतीची’ हा समज तुम्ही मोडून काढलात, हे फार बरं झालं. जगभर इंडियन रोझवुड म्हणून मिरवणारं लाकूड ते हेच, आपल्या सह्याद्रीतही वाढणारं. 2 जानेवारी 2017 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या करारात नियंत्रित आहे. तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडवर मात्र 1992 पासूनची कडक बंधनं कायम आहेत, त्यामुळे तसली जुनी गिटार परदेशी न्यायची तर कागदपत्रं आधी बघावीत.

आता पट्टी. नेक म्हणजे गिटारचा दांडा आणि फ्रेट म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या सळ्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2 ते 2.5 मिमी आणि बारीक तारेखाली 1.5 ते 2 मिमी अंतर हवं. जास्त असेल तर लगेच नाकारायची नाही, आधी सॅडल (तारा टेकतात तो हाडाचा बारीक तुकडा) ब्रिजच्या (फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या ठोकळ्याच्या) वर किती उरलंय ते बघायचं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायला सॅडल एक मिमी घासावं लागतं. सॅडल 3 मिमी वर असेल तर काम अर्ध्या तासाचं. ते आधीच तळाशी टेकलेलं आणि तारा तरी उंच, तर नेकचा कोन बिघडलाय. स्वस्त गिटारीत ती दुरुस्ती किमतीहून महाग पडते, तेव्हा मुकाट्याने परत ठेवावी.

ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) फिरवून ॲक्शन (तारांची उंची) उतरवणाऱ्यांवर तुम्ही का चिडता, हेही आता कळलं. तो फक्त नेकचा बाक सांभाळतो. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबायची. सातव्या फ्रेटशी कागदाची दोन पानं मावतील इतकीच फट हवी.

वापरलेली गिटार घ्यावी, हा तुमचा आग्रह आम्ही आता पालकांना आधी सांगतो. त्यात नवं लाकूड लागत नाही आणि त्याच पैशात अखंड फळी मिळते. फक्त ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहायचा. आत गेला तर ब्रिज सुटतोय. बारा नंबरच्या तारांच्या संचाचा ताण मिळून सुमारे 70 किलो असतो, तो एक दिवस ब्रिज उखडतोच. मोबाइलचा टॉर्च आणि आरसा आत घालून फळीला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या सुटल्या नाहीत ना, तेही बघायचं.

आणि पावसाळ्याचं. आर्द्रतेने फळी फुगते, तारा वर जातात, माणसं घाईने सॅडल घासून घेतात आणि थंडीत फळी बसली की तारा खणखणू लागतात. जुलैत आलेलं असं गिऱ्हाईक तुम्ही केसमध्ये सिलिका जेल ठेवायला सांगून परत पाठवता, मजुरी सोडून. ‘दसऱ्यानंतर मोजू,’ एवढंच म्हणता. विदर्भातल्या पालकांना आम्ही उलट सांगतो: उन्हाळ्यात केसमध्ये छिद्रांच्या डबीत ओला स्पंज ठेवा, नाहीतर फळी तडकते. आर्द्रता 45 ते 55 टक्के राहिली की पुरे.

यंदाही दसऱ्यानंतर मुलं रांगेने येतील. सॅडलची हाडं जरा जास्त मागवून ठेवा.

आपले,
गिटार वर्गातले शिक्षक