ड्राफ्टनंतरचं बास्केटबॉल

प्रिय मित्रा,

चिरंजीव सहा फूट तीन इंच झाले आणि बारावीनंतर फक्त बास्केटबॉल म्हणतात, हे वाचून आधी हसलो. वहिनींचा चेहराच डोळ्यांपुढे आला. मग म्हटलं, पोराला सतनामची गोष्ट पूर्ण सांगावी. लोक ती २०१५पाशीच थांबवतात.

सतनाम सिंग भामरा, पंजाबातल्या बल्लो के गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत सुब्रमण्यम सरांच्या हाताखाली तयार झाला, २०१०मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. एनबीए ही अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. २०१५च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर उचललं. भारतात जन्मलेला पहिलाच! पेपरवाल्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

पण ड्राफ्टमध्ये नाव येणं म्हणजे नोकरीची ऑर्डर नव्हे. दोन फेऱ्यांत साधारण साठ जण निवडले जातात. पहिल्या फेरीतल्या तिसांचा करार पक्का, दुसऱ्या फेरीतल्यांना हमी कसलीच नाही. सतनामच्या वाट्याला मॅव्हरिक्सचा खालचा संघ आला, टेक्सस लेजंड्स. तिथेही फारसं खेळायला मिळालं नाही. एनबीएचा एकही सामना न खेळता तो २०१७मध्ये परतला. पुढे थोडं कॅनडात, मग उत्तेजकांच्या चाचणीवरून दोन वर्षांची बंदी, आणि त्यानंतर गडी अमेरिकेत कुस्तीत उतरला. ती टीव्हीवरची कुस्ती, आपल्या तालमीतली नव्हे.

आता निकोला योकिच बघ. २०१४च्या ड्राफ्टमधला ४१वा, म्हणजे तोही दुसऱ्याच फेरीतला. नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती आणि हा पठ्ठ्या सर्बियात घरी गाढ झोपलेला. ना उडी, ना वेग, वर कोकाकोलाचं व्यसन. पण त्याला निवडणाऱ्या डेन्व्हर संघाने त्याला आणखी वर्षभर तिकडेच खेळू दिलं. तिकडच्या देशांच्या एड्रियाटिक लीगमध्ये मुरलेल्या गड्यांशी भिडून तो त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि मगच अमेरिकेला गेला. पुढे एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, तीनदा, २०२३चं विजेतेपदही.

दोघांच्या गुणांत फरक होताच, नाही म्हणत नाही. पण सतनामने विशीच्या आत असे सामने खेळायचे कुठे? आपल्याकडे तेव्हा बास्केटबॉलचं करिअर म्हणजे रेल्वे, ओएनजीसी नाहीतर सर्व्हिसेस, म्हणजे सैन्यदलांचा संघ. स्पोर्ट्स कोट्यातून चिकटायचं, नॅशनल्स खेळायच्या. मला त्यात कमीपणा वाटत नाही, कितीतरी घरं त्यावर उभी राहिली. फक्त ती वाट एनबीएकडे जात नाही, एवढं पोराला आधीच माहीत असू दे.

तेव्हा उंचीचं कौतुक पुरे. खऱ्या सामन्यात किती मिनिटं खेळतोस, ते विचार त्याला. नावाजलेल्या संघात बाकावर बसत असेल तर सरळ एखाद्या साध्या क्लबात घाल, जिथे पूर्ण सामना मैदान सोडता येणार नाही आणि समोर तिशीतले दांडगे असतील. बारावीचा फॉर्म मात्र भरून टाक. दिवाळीत येतोच आहे. बास्केटखाली त्याला पाठीने रेटून बघतो, गुडघे साथ देतील तितका वेळ.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना सेंटर