शिक्षणाचीही ड्युटी लावा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : तपासी अंमलदारांचे सेवांतर्गत प्रशिक्षण

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. कधी आरोपीच्या बाजूने उभी राहते, कधी मूळ फिर्यादीच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करते. दोन्हीकडून मला एकच गोष्ट दिसते. साक्षीच्या पिंजऱ्यात गोंधळलेला तपासी अंमलदार बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याने काम केलेले असते, रात्री जागून केलेले असते. मात्र ते न्यायालयात टिकावे म्हणून कसे करायचे, हे त्याला कोणी हाताला धरून शिकवलेले नसते.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि हवालदाराच्या कामाचे स्वरूपच बदलले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपासाच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे, ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र जोडायचे, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आणि फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवायची. ही व्हॅल्यू म्हणजे त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ती वेगळी येते.

माझ्यासमोर आलेल्या एका खटल्यात घरझडतीचे चित्रीकरण होते, चांगले स्पष्ट होते. ते हवालदारांच्या खासगी मोबाइलवर घेतले गेले, तिथून व्हॉट्सॲपवर रायटरकडे, म्हणजे तपासाची कागदपत्रे लिहिणाऱ्या अंमलदाराकडे गेले, रायटरने पेन ड्राइव्हवर उतरवले. व्हॉट्सॲपवरून जाताना फाइल लहान झाली, म्हणजे ती मूळ फाइल राहिलीच नाही. मोबाइल तर मधल्या काळात बदलला होता. उलटतपासणीत ‘मूळ फाइल कुठे आहे?’ एवढा एकच प्रश्न पुरला. आरोपीची वकील म्हणून तो प्रश्न विचारणे माझे कर्तव्य आहे आणि मी ते करत राहीन. पण ज्याच्या घरी गुन्हा घडला, त्या माणसाला काय सांगायचे?

इलेक्ट्रॉनिक पुराव्याची दुय्यम प्रत प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्के केले. ते प्रकरण आमच्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतले होते. जालन्यात पोलीस प्रशिक्षण केंद्रही आहे. तरी त्या निकालातला धडा शेजारच्या तालुक्यातल्या ठाण्यात पोहोचलेला मला दिसत नाही.

नवे कायदे येण्याआधी प्रशिक्षणे झाली, हे मी नाकारत नाही. सभागृहात एका दिवसात शेकडो कलमे पडद्यावरून सरकली. त्यातून जुन्या कलमाचा नवा क्रमांक कळतो, हात बसत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचेच घ्या. लेकराचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये, हे कलम २४ मध्ये लिहिलेले आहे आणि ते पाठही होते. पण साध्या कपड्यात बसून घाबरलेल्या आठ वर्षांच्या मुलीशी बोलायचे कसे, तिच्या तोंडी आपले शब्द न घालता ऐकायचे कसे, हे कुणा जाणत्या माणसाजवळ बसूनच शिकावे लागते. पुन्हा पुन्हा शिकावे लागते.

महोदय, नवी समिती नेमा असे मी म्हणत नाही. पोलीस प्रशिक्षणावर प्रा. एम. एस. गोरे यांच्या समितीने १९७३ मध्येच अहवाल दिला होता. प्रशिक्षणाची आबाळ हेच दुखणे तेव्हाही होते. मला आठवण करून द्यायची आहे ती एका आदेशाची. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात एका बालिकेवरील अत्याचार आणि खुनाचा आरोपी तपासातल्या उणिवांमुळे सुटला. ७ जानेवारी २०१४ रोजी तो निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याच्या गृहविभागाला सांगितले की, पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठांच्या समितीने निर्दोष सुटकेचे प्रत्येक प्रकरण तपासावे, चुका कुठे झाल्या ते नोंदवावे, त्यातून कनिष्ठ तपास अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम तयार करावा आणि दरवर्षी तो ताजा करावा.

इतका नेमका, कामाचा आदेश क्वचितच मिळतो. कागदावर समित्या असतीलही. पण आरोपी सुटल्यावर त्या निकालाची प्रत तपास करणाऱ्या हवालदारासमोर ठेवून ‘परिच्छेद अमुक वाचा, पंचनाम्यात आपले हे राहिले’ असे कोणी समजावून सांगितल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. निकाल लागतो तोवर त्यांची बदली झालेली असते. खुलासा मात्र मागवला जातो, आणि खुलासा मागवून कोणी शिकत नाही.

आता बंदोबस्ताचे. उजळणी पाठ्यक्रमाला नाव निघाले की ठाण्याचे प्रभारी म्हणतात, माणूस सोडता येत नाही. ते खरेच असते. वारी, गणपती, नवरात्र, निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, यातून मोकळा आठवडा काढायचा कुठून? मग ज्याच्याकडे तपास नाही, त्यालाच प्रशिक्षणाला पाठवले जाते. प्रशिक्षण केंद्रातली नेमणूकही खात्यात साइड पोस्टिंग समजली जाते. ज्याने उत्तम तपास केले, त्याला तिथे जावेसे वाटत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, की बंदोबस्ताची ड्युटी लागते तशी शिक्षणाचीही ड्युटी लागावी. प्रत्येक तपासी अंमलदाराला महिन्यातून एक दिवस, तालुक्याच्या ठिकाणी, कामाच्या वेळेत. साप्ताहिक सुट्टी खाऊन नव्हे. पोलीस अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय तो दिवस रद्द होऊ नये, आणि रद्द झालेल्या दिवसांची नोंद आपल्या विभागाकडे यावी. त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यातला निर्दोष सुटकेचा एखादा निकाल समोर घ्यावा. शिकवायला सरकारी वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि तपासात नाव कमावलेले निवृत्त अधिकारी बोलवावेत. केंद्रात शिकवण्यासाठी दिलेली दोन वर्षे पुढच्या नेमणुकीत जमेची धरावीत.

आणखी एक सुचवते. त्या वर्गात बचाव पक्षाच्या वकिलांनाही बोलवा. आम्ही सरावाची उलटतपासणी घेऊ. पंचनाम्यात आम्ही सर्वात आधी काय शोधतो, मुद्देमालाच्या सीलवर आणि वेळेच्या नोंदीवर बोट का ठेवतो, हे अंमलदाराला पिंजऱ्यात उभे राहण्याआधीच कळू द्या. निर्दोष माणूस अडकू नये यासाठीही तेच शिक्षण लागते. आमच्या वकील संघातले काही जण यासाठी मानधनाविना वेळ द्यायला तयार आहेत, त्यात मीही आहे. आपल्या कार्यालयाने जिल्हा आणि तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
एक फौजदारी वकील, मराठवाडा