दुसरी सही कोणाची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यापासून आपल्या पत्रांच्या सदरात एक सूचना अधूनमधून दिसते. जुन्या लढाऊ विमानांपैकी एखाददुसरे उडते ठेवावे आणि मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती होतील तेव्हा मुंबईकरांना दाखवावे. परदेशात असे विमान पडल्यावर बाकीच्यांची तपासणी करतात, आपण ती आधीच करून घेऊ, असेही एका वाचकाने सुचवले आहे. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ होतो, पुढे कलिन्याच्या बाजूला एका हँगरमध्ये निवृत्त झालो. तपासणीवरच पोट भरले, म्हणून लिहितो.

जुन्या विमानाचे दुखणे बाहेरून दिसत नाही. रंग तुकतुकीत, टायर नवे, इंजिनाचा आवाज गोड. दुखणे असते स्पारमध्ये, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईत, आणि तेही पंख धडाला जिथे जोडतात तिथे. फ्लोअरबोर्ड उचलायचा, पोटावर झोपायचे, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दांडीचा आरसा. रिव्हेटच्या कडेने काळी रेघ ओघळलेली दिसली तर तो रिव्हेट हलतोय. रंगाला फोड असेल तर टोकरून बघायचे, खाली पांढरी भुकटी निघाली की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले गेले. फार झाले असेल तर धातूला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. आपल्या खाऱ्या हवेत, त्यातून पावसाळ्यानंतर, तर विचारूच नका. केसाएवढी भेग मात्र आरशात सापडत नाही. तिला डाय पेनिट्रंट (भेगेत मुरणारा रंग) किंवा एडी करंट (विजेच्या प्रवाहाने केलेली तपासणी) लागतो, कधी पंखच उतरवावा लागतो. खर्च तिथे असतो आणि टाळाटाळही तिथेच.

स्वित्झर्लंडमध्ये ४ ऑगस्ट २०१८ रोजी युंकर्स ५२ जातीचे विमान आल्प्समध्ये कोसळले आणि आतले वीसही जण गेले. विमान १९३९ सालचे, १९८१ पर्यंत स्विस हवाई दलात, नंतर हौशी प्रवाशांच्या सेवेत. अपघात वैमानिकांनी पत्करलेल्या धोक्यामुळे झाला, असे चौकशीत निघाले. पण अवशेष तपासताना गंज आणि भेगाही निघाल्या. कागदावर विमान ठणठणीत होते.

अमेरिकेतले प्रकरण मला जास्त लागले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटच्या ब्रॅडली विमानतळावर दुसऱ्या महायुद्धातले बी-१७ बॉम्बर परत उतरताना आदळले. तेरापैकी सात जण मेले. एका इंजिनाच्या मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगीची वीज पुरवणाऱ्या यंत्राची, तार सेफ्टी वायरने जुजबी अडकवलेली होती, दुसऱ्या इंजिनात स्पार्क प्लगची फट मापाबाहेर. हे काही स्पारमध्ये दडलेले दोष नव्हेत, काउलिंग (इंजिनावरचे झाकण) उघडणाऱ्या पोऱ्यालाही दिसावेत असे आहेत. मग राहिले कसे? ते विमान चालवणारा वैमानिकच त्या संस्थेचा देखभालप्रमुख होता. माझ्या मते सगळे तिथेच आले. पुढे मार्च २०२० मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली.

आमच्याकडे कंट्रोल केबलला, म्हणजे विमान वळवणाऱ्या तारांना, हात लागला की ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन (दुहेरी तपासणी) सक्तीचे असे. काम करणाऱ्याची पहिली सही, मग त्या कामाला हात न लावलेल्या दुसऱ्याने टर्नबकल (तार ताणणारा स्क्रू), तो सुटू न देणारी लॉकिंग वायर स्वतः पाहून दुसरी. आमचे एक वॉरंट ऑफिसर पेन खिशातच ठेवून यायचे. कोणी फॉर्म ७००, म्हणजे सह्यांची देखभाल-वही, पुढे केला की खेकसायचे, "आधी टॉर्च दे."

हंटर हे लढाऊ जेट तर आपल्या ओळखीचे, १९७१ ला लोंगेवालाच्या वाळूत रणगाडे फोडणारे. ब्रिटनमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी कसरत करताना त्याच जातीचे विमान ए-२७ रस्त्यावर पडले. मेलेले अकराही जण मैदानाबाहेर रस्त्यावर होते, दोन तरुण पोरे तर फुटबॉलच्या सामन्याला निघाली होती. लूप (हवेत उभे वर्तुळ) घेताना उंची आणि वेग कमी पडला, यंत्र बिघडले नव्हते. तरी इजेक्शन सीटच्या, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या, काडतुसांची मुदत उलटून गेलेली आढळली. जी तपासणी काडतुसाची तारीख वाचत नाही तिने स्पार पाहिला असेल यावर मी विश्वास का ठेवावा?

आपल्याकडे २८ जून २०१८ रोजी जुहूहून दुरुस्तीनंतरच्या चाचणीला उडालेले छोटे किंग एअर घाटकोपरला पडले. आतले चौघे गेले आणि खाली रस्त्यावरचा एक. चौघांपैकी दोघे आमच्याच धंद्यातले होते. ते विमान लष्करी नव्हते, पण विमान पडते तेव्हा ते मुंबईत कुठे पडते, हे त्या दिवशी आपण पाहिले.

हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधली, म्हणजे जुनी विमाने उडती ठेवणाऱ्या तुकडीतली, टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ मध्ये ब्रिटनहून उडत आणलेले डाकोटा सांभाळणारी मंडळी जीव ओतून काम करतात, याबद्दल मला शंका नाही. पण लष्करी विमानांवर नागरी विमानांच्या नियामकाचा, डीजीसीएचा, अधिकार चालत नाही. तेव्हा दुसरी सही कोणाची, हे सामान्य माणसाला कळायला मार्ग नाही. जुने विमान चौपाटीवर आणायचेच असेल तर ते उडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या तुकडीबाहेरच्या इंजिनीअरने हँगरमध्ये जाऊन, पॅनल उघडून ते तपासावे. स्पारची भेग-तपासणी शेवटची कधी झाली, कोणते भाग मुदतीत आहेत, कोणते नव्याने घडवून बसवले, हे वर्तमानपत्रात छापावे. यात गोपनीय काय आहे? ऐंशी वर्षांपूर्वीच्या विमानाचे गुपित घेऊन शत्रू करणार काय? आणि कसरती नकोत, समुद्रावरून सरळ एक फेरी पुरे. शोरहॅमनंतर ब्रिटनने जुन्या जेट विमानांना जमिनीवरून तेवढीच मुभा ठेवली होती.

मिग-२१ बद्दल विचाराल तर माझे मत, उडवूच नये. ओझरला बनलेले एखादे वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये आणून उभे करा, शिडी लावून पोरांना कॉकपिट दाखवा. फक्त सीटची काडतुसे काढली आहेत ना, हे ती काढणाऱ्याला सोडून दुसऱ्या कोणाकडून तरी बघून घ्या.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई