पावसाळी गटार एप्रिलमध्ये का वाहते? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पावसाळी गटारांची उन्हाळी तपासणी आणि भर पावसातले पाण्याचे नमुने

मा. मंत्रिमहोदय,

मुळा-मुठेच्या पाण्याचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांवरून दर महिन्याला घेते. हे काम चालू राहिलेच पाहिजे. पण नदीत घाण येते ती नाल्यांच्या आणि पावसाळी गटारांच्या तोंडांतून, आणि त्या प्रत्येक तोंडाची नियमित, लोकांना पाहता येईल अशी नोंद आपल्याकडे नाही. ती सुरू करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

पुण्यात मैलापाण्याची लाइन वेगळी आणि पावसाची वेगळी, अशी रचना नकाशावर आहे. म्हणजे सलग तीन दिवस पाऊस नसेल तर पावसाळी लाइनचे तोंड कोरडे ठणठणीत असले पाहिजे. एप्रिलमध्ये ते वाहत असेल, तर त्यात मैलापाणी जोडलेले आहे, नाहीतर पिण्याच्या पाण्याची लाइन गळते आहे, नाहीतर वॉशिंग सेंटरचे किंवा मोरीचे पाणी येते आहे, किंवा जमिनीतला पाझर आहे. यातले नेमके काय, हे जागेवरच बरेचसे कळते.

आधी प्रवाह मोजायचा. पाइपाच्या तोंडाखाली १० लिटरची बादली धरायची आणि घड्याळ लावायचे. बादली ४ सेकंदांत भरली तर सेकंदाला अडीच लिटर, म्हणजे दिवसाला २ लाख १६ हजार लिटर. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी, हा नेहमीचा हिशोब धरला तर ते २,००० लोकांचे सांडपाणी झाले. प्रवाह दिवसभर सारखा नसतो, म्हणून सकाळी सात-आठ वाजता आणि पुन्हा दुपारी, असे दोनदा मोजावे. सकाळी वाढून दुपारी उतरणारा प्रवाह घराघरांतून येतो. दिवसरात्र एकसारखा असेल तर गळती किंवा पाझर.

मग चार साध्या चाचण्या. ओटी (ऑर्थोटोलिडिन, क्लोरिन ओळखण्याचे द्रावण) टाकून पिवळा रंग आला तर ते नळाचे क्लोरिनयुक्त पाणी. अमोनिया भरपूर आणि डिटर्जंटही असेल तर मैलापाणी. डिटर्जंट आहे पण अमोनिया नगण्य, तर धुण्याचे पाणी. दोन्ही नाहीत आणि विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) जास्त, तर बहुधा भूजल. अमेरिकी पद्धतीत नळाचे पाणी ओळखायला फ्लोराइड मोजतात. आपण नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालत नाही, त्यामुळे ती चाचणी निविदेत जशीच्या तशी उतरवू नये.

चुकीची जोडणी कुठे आहे हे शोधताना सगळी लाइन खणावी लागत नाही. लाइनच्या मधले चेंबर उघडायचे. तिथे पाणी वाहत असेल तर जोडणी वरच्या अंगाला, नसेल तर खालच्या अंगाला. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. ३२ चेंबरची लाइन असली तरी पाच वेळा झाकण उघडून दोन चेंबरमधला तुकडा हाती लागतो. शेवटी संशयित इमारतीच्या संडासात फ्लोरेसिनचा हिरवा रंग सोडून खात्री करायची. हे करताना कोणीही, कोणत्याही कारणाने, चेंबरमध्ये उतरू नये. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो. काठीला बांधलेला कॅमेरा आणि दोरीची बादली पुरते. ही अट आदेशातच लिहावी, ठेकेदाराच्या समजुतीवर सोडू नये.

आता पावसाचे. आठ महिने रस्त्यावर साचलेली धूळ, टायरची आणि ब्रेकची झीज, सांडलेले ऑइल, जनावरांची विष्ठा आणि नाल्याच्या तळाशी कुजलेला काळा गाळ, यातला बराचसा भाग वळवाच्या नाहीतर मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत, सुरुवातीच्या अर्ध्यापाऊण तासात खाली येतो. गाळ ढवळला की त्यातले सल्फाइड पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेते. पहिल्या पावसानंतर नदीत मासे मरतात त्यामागचे हे एक मोठे कारण. महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, सकाळी दहा-अकराला बुडवलेल्या बाटलीला यातले काही दिसत नाही. ऑक्सिजन तर पहाटे सूर्योदयाआधी सर्वांत कमी असतो. ऊन चढले की शेवाळ तो पुन्हा वाढवते.

दुसरी अडचण आकड्यांची. सेकंदाला १ घनमीटर प्रवाह आणि लिटरला २० मिलिग्रॅम बीओडी (घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला जेवढा ऑक्सिजन खातात, त्याचे माप) असेल तर दिवसाचा घाणीचा भार सुमारे १.७ टन. पावसाने प्रवाह १० घनमीटर झाला आणि बीओडी १५ वर आला, तर अहवालात सुधारणा दिसते. प्रत्यक्षात भार १३ टनांच्या घरात गेलेला असतो. हे पाणी पुढे भीमेतून उजनीत जाऊन साठते. सोलापूरकर जे धरण पितात, त्यात किती टन घाण जाते आहे, हे प्रवाह मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या नाल्याच्या तोंडाशी पातळीची पट्टी आणि पातळीवरून प्रवाह काढण्याचा तक्ता हवा. गाळाने तळ उचलला की तक्ता चुकतो, तो दर पावसाळ्याआधी आणि नंतर तपासावा.

पावसातले नमुने पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी आणि नंतर अर्ध्या तासाने घ्यावेत. आपोआप नमुने घेणारे २४ बाटल्यांचे यंत्र उत्तम, पण त्याची जाळी प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबते, म्हणून शोषनळी तळापासून थोडी वर आणि बाजूला धरावी लागते. ते परवडत नसेल तिथे पुलाच्या खांबावर वेगवेगळ्या उंचीवर बाटल्या बांधाव्यात. प्रत्येक बुचात दोन वाकवलेल्या नळ्या, एक पाणी आत येण्यासाठी आणि एक हवा बाहेर जाण्यासाठी. पाणी चढेल तशी एकेक बाटली भरत जाते. या बाटल्या चढत्या पाण्याचेच नमुने देतात, आणि त्या उन्हात पडून राहिल्या तर बीओडी आणि जिवाणूंसाठी निरुपयोगी. गाळ आणि धातूंसाठी मात्र चालतात.

नमुना प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडतो, हे वारंवार घडते. ऑक्सिजनची ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता भरून, ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायने, म्हणजे मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अॅझाइड, जागेवरच घालायला हवीत. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे संपला. जिवाणूंची निर्जंतुक बाटली आतून विसळायची नाही, वर थोडी मोकळी जागा ठेवायची आणि बर्फात न्यायची. तेल-ग्रीससाठी काचेचीच बाटली, कारण तेल प्लास्टिकला चिकटते.

नाल्यात आडवा बंधारा घालून कोरड्या दिवसांचे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवतात, ही व्यवस्था चांगली आहे. पण जाळी तुंबली किंवा पंपाची वीज गेली की पाणी बंधाऱ्यावरून सरळ नदीत जाते, तेही पाऊस नसताना. प्रत्येक बंधाऱ्यावर अल्ट्रासॉनिक पातळीमापक बसवून, महिन्यात कोरड्या दिवशी किती तास पाणी वरून गेले, तो आकडा जाहीर करावा. केंद्राची क्षमता किती दशलक्ष लिटर आहे यापेक्षा हा आकडा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रस्ते काँक्रीटचे होत आहेत, त्यामुळे पाणीही वाढते. १० हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर निम्म्याहून जास्त मोकळ्या जमिनीवरून सेकंदाला साधारण अर्धा घनमीटर पाणी निघते, पूर्ण फरसबंदीवरून सव्वा घनमीटर. शोषखड्डे सुचवले जातात, पण काळ्या मातीत आणि अखंड कातळावर ते तुंबून राहतात. तिथे खाली निचऱ्याची नळी हवीच. गॅरेज आणि पेट्रोल पंपाजवळ शोषखड्डा मुळीच नको. रस्त्याकडेच्या जाळीच्या चेंबरचा तळ पाइपापेक्षा निदान एक फूट खोल ठेवला तर जड गाळ तिथेच बसतो, मात्र तो वेळेवर उपसायला हवा. आणि उपसलेला गाळ नाल्याच्या काठावर ठेवू नये. पहिल्याच सरीत तो परत आत जातो.

आमची मागणी अशी: यंदाच्या मार्च ते मे या काळात मुळा-मुठेच्या दोन्ही काठांवरच्या प्रत्येक तोंडाला क्रमांक द्यावा, वर सांगितल्याप्रमाणे ते तपासावे आणि वाहणाऱ्या तोंडांची यादी ३१ मेपूर्वी प्रसिद्ध करावी. मंडळाच्या मासिक तक्त्यात चार रकाने वाढवावेत: नमुन्याची वेळ, मागच्या ४८ तासांतला पाऊस, प्रवाह आणि नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ. महिन्यातला एक नमुना सूर्योदयाआधीचा असावा. पहिल्या तीन मोठ्या पावसांसाठी पथके आणि बर्फाच्या पेट्या मेअखेरीपासून तयार ठेवाव्यात, कारण पाऊस सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीही येतो.

आपले,
पाणी तपासणी आणि मलनिस्सारण क्षेत्रात काम करणारे रसायनतज्ज्ञ व अभियंते, पुणे