कुरसुरा पाठवतोय, विक्रांत मी घेऊन येईन

अजनी, नागपूर
२० सप्टेंबर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

खोका हातात आला की आधी हे पत्र वाच, मग चिकटपट्टी काप. म्हणूनच पत्र वर लावलंय.

आपण बनवलेल्या मॉडेलांपैकी तू फोनवर विमानवाहू जहाज विक्रांत मागितली होतीस. या खोक्यात विक्रांत नाही, कुरसुरा पाणबुडी आहे. नाराज होऊ नकोस, कारण खाली सांगतो. पण आधी कुरसुरा बाहेर कशी काढायची ते नीट वाच.

खोक्याच्या आत दुसरा खोका आहे, मधे वर्तमानपत्राचे बोळे. आतल्या खोक्याचं झाकण काढलंस की छोटा स्क्रूड्रायव्हर आतून चिकटवलेला दिसेल. खालच्या बाजूने चार स्क्रू आहेत, ते काढले की पाट मोकळा होतो. उचलताना पाटाला धर, पाणबुडीला नाही. ती दोन पितळी खुंट्यांवर उभी आहे आणि पाट सोडून तिला कशाचाच स्पर्श नाही. आई म्हणाली भोवती कापूस भरा. मी नाही म्हटलं. कापसाचा एक तंतू पेरिस्कोपला अडकला की कापूस ओढताना पेरिस्कोपही त्याच्यासोबत येतो.

एवढं करूनही प्रवासात काही निखळलं तर फेविक्विक लावू नकोस. त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर बसते आणि गडद रंगावर पांढुरका धूर धरल्यासारखा डाग राहतो. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा फेविकॉलचा थेंब घे, तुकडा बसव, रात्रभर तसंच राहू दे. फेविकॉल वाळल्यावर दिसत नाही.

ही पाणबुडी तुझीच आहे, म्हणून ती आधी निघाली. तू चौथीत होतीस तेव्हा आपण विशाखापट्टणमला गेलो होतो. रामकृष्ण बीचवर वाळूत ठेवलेली ती ९१ मीटरची काळी पाणबुडी बघून तू माझा हात सोडून पळत गेली होतीस. १९६९ साली नौदलात आली, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी लोकांसाठी उघडली. आत वाकून, अंग चोरून चालत आपण पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत गेलो. पुढे सहा टॉर्पेडो नळ्या, मागे चार, आणि मधे पाऊणशे माणसांचं जेवण, झोप, काम सगळं. बाहेर आल्यावर तू विचारलंस, ‘‘बाबा, आत एवढं सगळं आहे, मग बाहेर काहीच कसं नाही?’’

ती गोष्ट मॉडेल बनवताना आपल्याला पुरती कळली. जहाजावर डोळ्याला गुंतवायला शंभर गोष्टी असतात, डोलकाठ्या, बोटी, कठडे, दोर. हलच्या, म्हणजे जहाजाच्या मूळ सांगाड्याच्या, सांध्यात थोडी कसर राहिली तरी नजर वरच अडकते. पाणबुडीला लपवायला काही नाही. दोन अर्धे भाग एकमेकांना जोडले की पुढून मागेपर्यंत एकच रेघ दिसते आणि ती पूर्ण नाहीशी झाल्याशिवाय पाणबुडी प्लास्टिकचीच वाटते. आपण पुट्टी भरली, पाण्यात भिजवून चारशे, आठशे, बाराशे नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. चार वेळा प्रायमर मारला आणि चारही वेळा सांधा दिसला. पाचव्या वेळी तू डोळे मिटून नख फिरवलंस आणि म्हणालीस, ‘‘बाबा, इथे आहे.’’ मला तिथे काही दिसत नव्हतं. प्रायमर मारला तर रेघ बरोबर तिथेच. आमच्या इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये बेअरिंगवर बोटाचं टोक फिरवून ओरखडा सांगणारे एक-दोनच मिस्त्री मी पाहिले, आणि ती सवय त्यांना वीस वर्षांनी लागली होती. त्या रात्री मी आईला म्हणालो, हिचा हात वेगळा आहे.

मनोऱ्यावरचा २० हा पांढरा आकडा थोडा तिरका आहे, तो मीच तिरका लावला. खाली चकचकीत वार्निशचा हात न देता थेट मॅट रंगावर डिकॅल, म्हणजे छापील आकड्याचं चिकटचित्र, बसवलं, त्यामुळे कडेला चंदेरी झाकही राहिली. आता बदलायला गेलो तर रंग निघेल.

आता विक्रांतबद्दल.

तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी मी मुंबईला कामानिमित्त गेलो होतो. जहाज म्हणजे काय हे मी तोवर चित्रातच पाहिलं होतं. आपल्या नागपुरात पाणी म्हटलं की फुटाळा आणि अंबाझरी. विक्रांत तेव्हा संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्या डेकवर पाऊल ठेवलं तेव्हा खालचं लोखंड तापलेलं होतं आणि चपलेतून त्याचा चटका लागत होता. कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा एक रोल होता. तो मी माणसांवर खर्च केला नाही. रिव्हेट, शिड्या, झडपा, नळ्यांचे सांधे, रंगाचे पोपडे, बेटासारख्या त्या उंच भागाचा प्रत्येक कोपरा टिपला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हर्क्युलस या नावाने तिचं काम सुरू झालं. १९४५ साली ती पाण्यात उतरली, पण युद्ध संपलं आणि काम अर्धवट पडलं. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ती आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. तो बॉयलर बंद ठेवून, कमी वेगाने, उरलेल्या तीन बॉयलरवर ती बंगालच्या उपसागरात गेली आणि तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. मी आयुष्यभर इंजिनांची दुरुस्ती केली. एक अंग निकामी असताना यंत्राकडून काम करून घेणं म्हणजे खाली बॉयलरपाशी उभ्या माणसांवर काय वेळ असते हे मला कळतं. त्यांचं नाव कुठे फारसं घेतलं जात नाही, म्हणून तुला सांगून ठेवतो.

३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. २०१४ मध्ये मुंबईत जहाजं मोडतात त्या दारूखाना भागात तिला तोडायला घेतलं. तू आठ वर्षांची होतीस, टीव्हीवर ते बघून मी जेवणाच्या ताटावरून उठलो होतो, तुला आठवत असेल. पुढे त्यातलं काही पोलाद घेऊन बजाजने मोटारसायकल काढली. तशी गाडी सीताबर्डीत सिग्नलला शेजारी येऊन थांबली की अजूनही माझी नजर तिच्यावर जाते.

मग आपण ती बनवायला घेतली आणि तिथे आपलं पहिलं भांडण झालं. तुला १९७१ ची विक्रांत हवी होती, सपाट डेकची, सी हॉक विमानांची, लढणारी. मला शेवटची हवी होती. पुढच्या टोकाला सी हॅरियर विमानांसाठी तो पावणेदहा अंशांचा चढ १९८० च्या दशकात बसवला, तो असलेली. एकाच जहाजावर दोन्ही दाखवता येत नाहीत. मॉडेलला एक तारीख ठरवावी लागते आणि त्या तारखेनंतरचा एक खिळाही त्यावर चालत नाही. तू रडलीस आणि मी एवढंच म्हणालो, ‘‘मी सांगतो म्हणून.’’

ते चुकलं माझं. कारण सांगायला हवं होतं, ते आज सांगतो. माझ्याजवळ जे ३६ फोटो होते ते चढ असलेल्या जहाजाचे होते. १९७१ ची करायची तर निम्म्या जागी अंदाज करावा लागला असता. न पाहिलेलं बनवायला घेतलं की हात आपल्या सोयीने चालतो. आणि दुसरं असं, की तिला तोडली तेव्हा ती लढणारी नव्हती. ती थकलेली होती, पोपडे आलेली होती. मला तिला तशीच ठेवायची होती, जशी मी तिच्यावर उभा असताना होती.

तुझ्या त्या सी हॉक विमानांपैकी तीन तू हट्टाने केलीसच, साडेतीन सेंटीमीटरची. पेनच्या डबीत कागदात गुंडाळून याच खोक्यात ठेवली आहेत. माझ्या विक्रांतवर त्यांना जागा नाही. पण तू आता जहाजांचे आराखडे वाचायला शिकतेस, लाइन्स प्लॅन, म्हणजे हलच्या आकाराचा नकाशा, काय असतो ते तू मला फोनवर समजावून सांगतेस. १९७१ ची विक्रांत तू कर. सपाट डेक, विमानं फेकणारं कॅटापुल्ट, सगळं. विमानं तयार आहेत.

दहावीच्या सुट्टीत आपण केलेलं ते वजनाचं गणित आठवतं? एकास साडेतीनशे प्रमाण म्हणजे लांबी साडेतीनशे पटीने कमी, पण आकारमान साडेतीनशेच्या घनाने, म्हणजे चार कोटी अठ्ठावीस लाख पंच्याहत्तर हजार पटीने. पूर्ण भरलेली विक्रांत साडेएकोणीस हजार टन, म्हणजे आपली ४५५ ग्रॅम भरली पाहिजे. आईच्या काट्यावर ती ६१० भरली. परातीत ती मावेना, म्हणून अंगणातल्या हौदात सोडली तर पाणी जिथवर यायला हवं त्या काळ्या पट्ट्याच्या अर्धा सेंटीमीटर वर आलं. तू वहीत उलटा गुणाकार केलास आणि म्हणालीस, ‘‘बाबा, आपण हिच्यावर साडेसहा हजार टन जास्त लादलेत.’’ मग तूच कोरणी घेऊन हल आतून पोखरायला बसलीस. कॉलेजात पहिल्याच महिन्यात हेच शिकवलं आणि वर्गात तुला ते आधीच येत होतं, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी शेडमध्ये होतो. मी फोन ठेवून हात धुवायला गेलो आणि बराच वेळ नळाशीच उभा राहिलो.

तर विक्रांत आत्ता न पाठवण्याचं कारण हेच पोखरलेलं पोट. तिचा पहिला हल कसा गेला तुला माहीत आहे. पाइनच्या फळ्यांचे थर भर पावसाळ्यात चिकटवले, लाकडात ओल होती, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर हल मधोमध तडकला. दुसरा प्लायवुडचा केला, बाहेरून सीलर आणि लॅकरने बंद केला. पण आतून तू कोरलंस ते लाकूड उघडंच राहिलं. नागपूरच्या कोरड्या हवेत चाललं. तू आहेस त्या कोचीत समुद्र दाराशी आहे, ती हवा उघड्या लाकडात शिरेल, लाकूड फुगेल आणि मोटर वाइंडिंगच्या बारीक तारेचे ते कठडे एकेक करून सुटतील. साडेतीनशे प्रमाणात मीटरभर उंचीचा कठडा तीन मिलिमीटरचाही नसतो. तो पुन्हा बसवायला तिथे तुला वेळ मिळणार नाही.

म्हणून डेक चुंबकांवरून उचलून आतून दोन हात लॅकर द्यायचं आहे. इथे अजून पाऊस आहे आणि दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. मागे एकदा कूलर सुरू असताना मारलं तर अख्खा डेक दुधाळ झाला होता. ऑक्टोबरचं ऊन पडलं की मारतो. आई कालच विचारत होती, ‘‘काय करून राहिले तुम्ही अर्ध्या रात्री त्या जहाजाशी?’’ मी सांगितलं, पोरीकडे जायची तयारी करतोय तिची.

कुरसुरा खिडकीपासून लांब ठेव, उन्हाने पांढरे आकडे पिवळे पडतात. धूळ फडक्याने पुसू नकोस, रंगाच्या मऊ ब्रशने झटक. खुंट्या हिरव्या पडायला लागल्या तर कळव, वार्निश पाठवतो. सिलिका जेलच्या चार पुड्या डबीत आहेत, ॲक्रिलिकच्या झाकणात पाटाखाली सरकवून ठेव.

२०२२ च्या सप्टेंबरात नवी विक्रांत नौदलात आली तेव्हा तू टीव्हीसमोर बसून २६२ भागिले ३५० केलंस आणि फरशीवर खडूने पाऊण मीटरची रेघ मारलीस. ज्या गोदीत ती बांधली त्याच गावात तू आहेस. मी डिसेंबरात येईन. विक्रांत माझ्या मांडीवर येईल, तिला सामानात ठेवणार नाही. मुलींच्या वसतिगृहात मला आत सोडणार नाहीत, तेव्हा फाटकाशी तू आणि तुझ्या दोन मैत्रिणी घ्यायला या. पेटी रुंद आहे, एकीला झेपणार नाही.

त्याआधी एक काम कर. तुझ्या टेबलाच्या वरचा कप्पा टेपने मोज आणि कळव. जहाज ६१ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना चार-चार सोडले तर पेटी आतून ६९ ची करावी लागेल, आणि मास्टच्या टोकावर दोन बोटं जागा हवी. माप आल्याशिवाय मी ॲक्रिलिक कापायला देत नाही.

तुझा,
बाबा